हिचा चाफा

२ सप्टेंबर, मंगळवार

दादाने आज जेवताना जाहीर केलं की अंगणातलं झाड पाडायचं. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलला दुसरी गाडी येते आहे, तिला शेड हवी, आणि शेडला नेमकी तीच जागा हवी. "करवतवाल्याला चौदा तारखेला बोलावलंय," असं म्हणून त्याने पाणी मागितलं. वहिनींनी पाणी दिलं. मी म्हणालो, "नको."

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. या घरात मला मुनी म्हणतात ते काही उगाच नाही.

"का नको?"

"चाफा आहे तो. सोनचाफा. ही सांगायची."

ही म्हणजे माझी बायको. जानेवारीत गेली. हे झाड तिने बी लावून वाढवलं. कुठल्याशा प्रवासात एका झाडाखाली लाल बी सापडलं, ते रुमालात बांधून आणलं आणि डब्यात पेरलं. आता झाड गच्चीच्या वर गेलंय, पण एकदाही फुललं नाही. दरवर्षी ती "यंदा बघाच" म्हणायची आणि दादा त्याला फसलेला आंबा म्हणायचा.

दादा हात न धुताच अंगणात गेला, एक पान तोडून आणलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "बघ. चाफ्याचं पान तोडलं की दुधासारखा चीक गळतो. तुझ्या झाडाला साधा घामसुद्धा फुटत नाही."

"तो पांढरा चाफा हो," वहिनी म्हणाल्या. "जाड्या फांद्यांचा. हा वेगळा असेल."

"असेल! असेलवर माझी गाडी उन्हात ठेवू?" मग जरा नरमून म्हणाला, "बरं मुनी, चौदापर्यंत मुदत. झाडाचं नाव सिद्ध कर, त्याचा उपयोग काय ते सांग. मग बघू."

मला भाषण करता येत नाही. मी ही वही काढली.

४ सप्टेंबर, गुरुवार

कारखान्यातून मापं घ्यायचा व्हर्निअर आणला. तिथे मी प्लेटिंग खात्यात आहे, लोखंडी भागांवर निकेलचा आणि जस्ताचा थर चढवतो. थर किती जाड बसला ते मोजायचं आणि पास-नापास करायचं, हे माझं काम. म्हणून पानंही मोजली. लांबी, रुंदी, देठ. दोन पानं सारखी निघाली नाहीत. आमच्याकडे असा माल आला असता तर अख्खा लॉट परत पाठवला असता.

वहिनी खिडकीतून बघत होत्या. "भावजी, झाडाला शर्ट शिवताय का?"

एक गोष्ट लिहून ठेवतो. मला वास येत नाही. आम्लाच्या वाफांनी नाक केव्हाच गेलं. घरात सगळ्यांना माहीत आहे, पण कोणाच्या लक्षात राहत नाही. लंगडणारा माणूस दिसतो, वास न येणारा दिसत नाही. ही मात्र विसरायची नाही. संध्याकाळी मी घरी आलो की मला दिवसाचे वास सांगायची. "अहो, आज तुमच्या शर्टाला ओल्या नाण्यांचा वास आहे." "समोरच्या काकूंनी कोणाचं तरी कापड जाळलं बघा." "आज हवेला काहीच वास नाही, धुतलेल्या पाटीसारखी आहे." जानेवारीपासून मला एकही वास कळलेला नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

सुट्टी घेऊन कॉलेजात गेलो. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई भेटल्या. माझ्याच वयाच्या असतील, बोटांना शाई, चष्मा दोरीने गळ्यात. मी पानांची मापं पुढे केली. त्यांनी कागद आदराने बाजूला ठेवला.

"फूल?"

"नाही."

"फळ?"

"नाही."

"मग तुम्ही माझ्याकडे चेहरा नसलेल्या माणसाचा फोटो घेऊन आलात," असं म्हणून त्या हसल्या. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाल्या, "बसा हो. चेहरा नसला तरी बोटांचे ठसे असतात."

त्यांनी फळ्यावर फांदी काढली. मॅग्नोलिया नावाचं मोठं घराणं आहे, सोनचाफा त्यातला आणि इथलाच, कोणी बाहेरून आणून लावलेला नाही. या घराण्यात कोवळं पान टोपी घालून येतं. पान उलगडलं की टोपी गळते आणि फांदीभोवती पूर्ण गोल रेघ राहते. प्रत्येक पानाशी एक कडी.

"फणसाला आणि वडालाही अशी कडी असते," बाई म्हणाल्या. "मग ओळखायचं कसं? चिकाने. फणस आणि वड यांना पांढरा चीक असतो. कडी आहे आणि चीक नाही, तर समजायचं की आपण मॅग्नोलियाच्या दारात उभे आहोत."

मी घरी अक्षरशः पळत आलो. दादाने जे पान पुरावा म्हणून माझ्या नाकासमोर धरलं होतं ते माझ्याच बाजूचं साक्षीदार निघालं!

त्याच दिवशी, संध्याकाळी

कडी आहे. कडी आहे. प्रत्येक पानाशी आहे! लेथवर कापल्यासारखी बारीक, स्वच्छ, पूर्ण गोल. मी स्टुलावर उभा राहून एकेक फांदी खाली ओढत होतो आणि मोठमोठ्याने हसत होतो, हे समोरच्या शिवणवाल्या काकू मशीन थांबवून बघत होत्या म्हणून कळलं. त्यांना हात केला. मी त्यांना याआधी कधी हात केला नव्हता. त्यांनी पडदा ओढला.

एक टोपीवाला कोंबही मिळाला, लांबट, टोकदार, बोटाच्या पेरापेक्षा मोठा. ब्लेडने उघडला तर आत पिवळट, एकावर एक घट्ट गुंडाळलेल्या पट्ट्या होत्या. नवी पानं एवढी दाटीने बसतात हे माहीत नव्हतं. आणखी दोन-तीन कोंब आणि एक पानांची डहाळी शर्टाच्या खिशात ठेवली. डहाळी खोलीत ग्लासात ठेवली आहे, कोंब बहुतेक खिशातच राहिले.

७ सप्टेंबर, रविवार

दादाला कडी दाखवली. त्याने भिंग घेऊन पाहिली, कारण गाडीचा ओरखडाही तो असाच पाहतो. मग ऑफिसातून कॅलेंडर आणलं. त्यावर ताटाएवढं पांढरं मॅग्नोलियाचं फूल होतं. "हे मॅग्नोलिया. हे तुझ्या झाडाला लागेल?"

"हे त्याचं चुलत भावंड."

"चुलत भावंडं एवढी वेगळी नसतात."

"आपला तो चुलतभाऊ आठवा," वहिनी आतून ओरडल्या. दादाने कॅलेंडर गुंडाळलं. त्या चुलतभावाबद्दल आमच्या घरात कोणी वाद घालत नाही.

"बरं, घराणं मान्य," दादा म्हणाला. "उपयोग?"

बाईंकडून ऐकलेलं मी पाठ केलं होतं. बिया पक्ष्यांना आवडतात. फुलांचं अत्तर होतं, पिवळा रंगही निघतो. सालीचं औषध करतात असं ऐकिवात आहे, पण बाईंनी बजावलंय की कोणाला पाजू नका. आणि लाकूड उत्तम, सामानाला, कोरीव कामाला.

लाकडाशी दादाचे डोळे चमकले. "म्हणजे शेडचे खांब ह्याचेच होतील!"

माझी जीभ झडावी. झाड वाचवायला गेलो आणि त्याची जाहिरात करून बसलो.

९ सप्टेंबर, मंगळवार

बाईंना फोन केला. खांबांचं ऐकून त्या बराच वेळ हसल्या, मग गंभीर झाल्या. फूल असतं तर प्रश्नच नव्हता, म्हणाल्या. बियांपासून वाढलेला सोनचाफा फुलायला फार सावकाश, कलम असतं तर केव्हाच फुललं असतं. "कोवळी साल ओरबाडून वास घेऊन बघा, मसाल्यासारखा येतो का."

मी म्हणालो की ते मला जमणार नाही. कारण विचारलं तेव्हा सांगितलं. मग म्हणाल्या, "रविवारी सकाळी मीच येते. माझं नाक घेऊन."

हे वाक्य मला फार आवडलं. दुपारी कारखान्यात टाकीवर उभा असताना आठवून हसलो, तर माझ्या मदतनिसाने टाकीचं तापमान पुन्हा तपासलं.

१० सप्टेंबर, बुधवार

घरात काहीतरी बिनसलंय. वहिनी माझा धुवायचा शर्ट हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

"भावजी, हा पिवळा डाग कसला?"

"जस्तावरच्या पिवळ्या रसायनाचा असेल."

"खिशात?"

"उडतं ते."

त्यांनी शर्ट नाकाशी नेला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चोरी केली आहे. "तुमच्या रसायनाला बराच चांगला वास येतो हो," म्हणाल्या. आमच्या रसायनाला चांगला वास आल्याचं मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. नवा पुरवठादार असेल.

संध्याकाळी दादा फाटकात नाक वर करून उभा होता. सर्दी झाली असावी.

११ सप्टेंबर, गुरुवार

दादाने मला फेरी मारायला नेलं. त्याच्या शिकवायच्या गाडीत दोन्ही बाजूंना ब्रेक आहेत. स्टिअरिंग मला दिलं आणि स्वतः शेजारी बसला. मग समोर बघत म्हणाला, "मुनी, मी तुझा मोठा भाऊ आहे. पण तुझ्या आयुष्यात मी ब्रेकवर पाय ठेवणार नाही."

मी म्हणालो, "बरं."

"माणसाने एकटं राहू नये. तुझी वहिनीही राजी आहे. फक्त लपवाछपवी नको. घरात आणायची तर राजरोस आण."

मला वाटलं, डहाळीबद्दल बोलतोय. सांगितलं, "आणली आहे. शनिवारपासून माझ्या खोलीतच आहे."

दादाने ब्रेक दाबला. दोघांची डोकी काचेपर्यंत गेली. मागच्या सायकलवाल्याने आमचा उद्धार केला.

घरी आल्यावर वहिनी केर काढायला म्हणून माझ्या खोलीत आल्या. पडद्यामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, कपाटही उघडलं. त्यांचं काहीतरी हरवलं असावं. जाताना खिडकीत थबकल्या, मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मग कोण आहेत त्या?" यांना बाईंचं कसं कळलं? म्हणालो, "कॉलेजात शिकवतात. रविवारी सकाळी येतायत, तेव्हा भेटालच."

वहिनींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं त्यांनी जानेवारीनंतर पहिल्यांदाच केलं. मला वाटतं, झाडाची आशा त्यांनी सोडली आहे आणि त्यांना ते मला सांगवत नाहीये.

१३ सप्टेंबर, शनिवार

उद्या. दादाने करवतवाल्याला फोन करून वेळ पक्की केली, मी ऐकलं. "ये रे, पण जरा उशिरा ये, सकाळी आमच्याकडे पाहुणे आहेत." म्हणजे मुदत कायम आहे.

वहिनींनी पुढच्या खोलीचे पडदे बदलले. साल ओरबाडायला पडदे कशाला लागतात? समोरच्या काकूंनी दादाचा कोट अर्जंट रफू करून दिला आणि मला बघून डोळा मारल्यासारखं केलं. मी तिकडे बघितलंच नाही.

झाडाखाली जाऊन बसलो. हिच्याशी बोलायची मला सवय नाही, म्हणजे आता. आज बोललो. म्हटलं, कडी मिळाली. घराणं मिळालं. चीक नाही हेही बरोबर निघालं. तू बरोबर होतीस, पण उद्यापर्यंत ते कागदावर येत नाहीये.

१४ सप्टेंबर, रविवार

नीट क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

दहाच्या सुमारास बाई आल्या. दादा कोटात होता. वहिनी नव्या पडद्यांसमोर नवं पातळ नेसून उभ्या होत्या. बाई फाटक उघडून दोन पावलं आत आल्या आणि थांबल्या. त्यांनी मान वर केली, डोळे मिटले, आणि मग हसायला लागल्या. फाटकाला धरून हसत राहिल्या.

"अहो," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही मला सालीचा वास घ्यायला बोलावलंत? अख्खी गल्ली दरवळतेय!"

"काय?"

"फुललंय हो तुमचं झाड! निदान चार दिवस झाले असतील. घरातल्या कोणालाच कळलं नाही?"

घरातले दोघं एकमेकांकडे बघत होते. वहिनींचा हात तोंडावर गेला.

"म्हणजे तो वास," दादा म्हणाला, "तो... झाडाचा?"

"मग कोणाचा?" मी विचारलं.

दादाच्या कानशिलांपर्यंत लाली चढली होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आम्हाला वाटलं... तुमच्या शर्टाला, तुमच्या खोलीत... आणि तुम्ही आपले एकटेच हसत होतात... आम्हाला वाटलं, कोणीतरी आहे."

"कोण?"

"अत्तर लावणारं!" दादा ओरडला. "आणि तू गाडीत म्हणालास ना, आणली आहे, खोलीत आहे!"

"डहाळी!" मीही ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच दादावर ओरडलो असेन.

बाई पायरीवर बसल्या, कारण त्यांना उभं राहवेना. समोरून काकू विचारत होत्या, "काय झालं, काय झालं?" आणि वहिनी हसता हसता रडत त्यांना सांगत होत्या. करवतवाला नेमका तेव्हाच आला. करवत खांद्यावर, आणि तोही फाटकात नाक वर करून थांबला. "साहेब," तो दादाला म्हणाला, "हे पाडायचंय? हे?"

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. कोट काढला, त्याची घडी घातली, परत उलगडली. "शिडी आणली आहेस का?" त्याने करवतवाल्याला विचारलं. "आहे? मग ती लाव. फक्त शिडी."

मी चढलो. बुटांसकट चढलो. खालून सगळे "हळू, हळू" करत होते. गच्चीच्या उंचीला गेलो तेव्हा पानांच्या आड दिसलं. गडद पिवळं, नारिंगीकडे झुकणारं, लांब पाकळ्या, मधोमध लहानशी हिरवी उभी कांडी. एक नव्हे, इकडेतिकडे बरीच. आणि कळ्या, लांबट, टोकदार, तशाच, जशी एक मी सहा तारखेला ब्लेडने उघडून नवी पानं म्हणून नोंदवली होती. पिवळा डागही त्यांचाच. मी शिडीवर हसायला लागलो, आणि शिडी हलायला लागली.

मग एक फूल नाकाशी धरलं. काही नाही. असणारच नव्हतं. पण मी धरलं.

दोन फुलं घेऊन खाली उतरलो. मी कोणाला काही मागत नाही. पण म्हणालो, "वास कसा आहे, सांगाल का कोणी?"

तेव्हा त्यांना आठवलं. मला ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

बाई म्हणाल्या, यात बरीच सुगंधी द्रव्यं असतात, पण ते उत्तर नव्हे हे त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्या थांबल्या. दादाने फूल घेतलं, खोल श्वास घेतला, आणि म्हणाला, "कसा सांगू? एखादा विद्यार्थी पहिल्यांदा गाडी सरळ उभी करतो ना, तसा." काकू पलीकडून म्हणाल्या, "रेशमाचं ठाण पहिल्यांदा उलगडावं तसा!" करवतवाल्याने करवत खाली ठेवली आणि म्हणाला, "साहेब, मला नाही सांगता येत. पण आज मी लाकूड कापणार नाही."

वहिनींनी फूल दोन्ही हातांत धरलं. बराच वेळ धरलं. म्हणाल्या, "ती दारातून आत आली की यायचा, तसा. घाईघाईने, काहीतरी सांगायला आल्यासारखा."

मी घरात जाऊन तोंड धुतलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

शेड पलीकडच्या भिंतीला होणार. तिथे गाडीचा दरवाजा पूर्ण उघडत नाही, म्हणून दादा दुसऱ्या बाजूने उतरेल. जुनी गाडी झाडाखालीच उभी राहील. "गाडीत आपोआप वास बसेल, मुलं फी बुडवणार नाहीत," असं तो म्हणाला, आणि झाडाच्या उपयोगांत हाही धरायला सांगितला. धरला.

बाईंनी जाताना सांगितलं की पुढे फळांचे घोस येतील, तडकतील, आणि लाल बिया दोऱ्यांना लटकतील, त्या त्यांना बघायच्या आहेत. फळ पिकायला अजून खूप वेळ आहे. तरी त्या पुढच्या रविवारी पण येणार आहेत, आणि त्याच्या पुढच्याही. शास्त्राची माणसं चिकाटीची असतात.

१७ सप्टेंबर, बुधवार

कारखान्यातून परतलो. चपला काढत होतो तर वहिनी स्वयंपाकघरातूनच ओरडल्या, काही विचारलं नसताना.

"भावजी! आज तुमच्या शर्टाला गंजलेल्या खिळ्यांचा वास आहे. दूध करपलंय, ते माझ्यामुळे. आणि खिडकीतून चाफा. या क्रमाने."

मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं.